बॉनेटखालचा आवाज आणि खारी हवा

गाडी गॅरेजला नेली की बहुतेकजण आवाजाची नक्कल करून दाखवतात. कुणी टकटक म्हणतं, कुणी खडखड, कुणी तोंडाने ‘चिर्र’ करतं. कुडाळ-कणकवलीकडचा मुरलेला मिस्त्री ते सगळं ऐकून घेतो आणि विचारतो, “कधी येता?”, म्हणजे आवाज कधी येतो? सकाळी पहिल्या स्टार्टला? गरम झाल्यावर? चढाला? एसी लावल्यावर? हा प्रश्न फार मोलाचा आहे. इंजिनात जे जे फिरतं ते ठरलेल्या हिशेबाने फिरतं, आणि तिथला आवाजही त्याच हिशेबाने येतो.

आयडलिंगला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता चालू असताना, इंजिन साधारण ८०० आरपीएमवर असतं, म्हणजे क्रँकशाफ्टचे (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचे) मिनिटाला ८०० फेरे, सेकंदाला सुमारे १३. चार स्ट्रोकच्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट याच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे एखादा व्हॉल्व्ह वाजत असेल तर त्याची टकटक सेकंदाला सहा-सात वेळाच ऐकू येणार. इतके जलद ठोके कानाला मोजता येत नाहीत, पण मोबाइल आहे ना. आवाज रेकॉर्ड करावा आणि पाव वेगाने लावून दहा सेकंद ठोके मोजावेत. सोळा-सतरा भरले तर संशय कॅमशाफ्टच्या बाजूला, तेहतीसच्या आसपास भरले तर क्रँकच्या बाजूला. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची पुली लहान असते, तो क्रँकच्या दोन-तीन पट जोरात फिरतो. त्याचं बेअरिंग गेलं की ठोके वेगळे ऐकूच येत नाहीत, सलग घरघर येते आणि आरपीएमबरोबर तिची पट्टी चढते.

त्याआधी एक सोपी चाळणी लावावी. गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू दाबावा. आवाज त्याबरोबर वाढला तर तो इंजिनाचा किंवा त्याला जोडलेल्या एखाद्या भागाचा. फक्त गाडी चालतानाच येत असेल तर चाकाचं बेअरिंग, ब्रेक, सस्पेन्शनचे बुश ही वेगळी मंडळी आहेत, आणि मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांनी त्यांना पुरेसं काम दिलेलं आहे.

आता किनाऱ्याची गोष्ट. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. समुद्राच्या मिठात मात्र मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं व्हायला लागतं. म्हणजे वेंगुर्ल्यात किंवा हर्णैला गाडीच्या पत्र्यावर बसलेला खाऱ्या हवेचा थर पावसाळ्यात तर नाहीच, पण हिवाळ्यातही पुरता वाळत नाही. गंज चढायला लागणारं खारं पाणी तिथे जवळजवळ बारा महिने हजर. देशावरच्या गाडीत जे भाग दहा वर्षं टिकतात ते इथे लवकर गंजतात, आणि सगळ्यात आधी खाल्ला जातो तो पातळ पत्रा.

सायलेन्सरच्या पाइपावर किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (सिलिंडरांमधला धूर गोळा करून पाइपात सोडणाऱ्या भागावर) उष्णता अडवायला एक पातळ पत्रा लावलेला असतो, त्याला हीट शील्ड म्हणतात. बोल्टचा वॉशर जिथे त्याला दाबून धरतो तिथे फटीत खारं पाणी राहतं. गंजाचं कडं वॉशरखालून पसरतं, भोक बोल्टच्या डोक्यापेक्षा मोठं होतं आणि पत्रा लोंबकळायला लागतो. मग ठरावीक आरपीएमला, बहुधा आयडलिंगच्या जरा वर, इंजिनाची कंपनं पत्र्याच्या स्वतःच्या कंपनसंख्येशी जुळतात आणि अख्खं इंजिन खिळखिळं झाल्यासारखी खडखड सुरू होते. थोडा वेग वाढवला की गायब. एका आरपीएमला येणारा आणि पुढे नाहीसा होणारा आवाज बहुतेकदा अशा सैल पत्र्याचा असतो. गाडी पूर्ण थंड असताना हाताने हलवून पाहिलं की कळतं. मोठ्या होज क्लिपने पत्रा पाइपाला आवळला की काम भागतं.

चिर्र आवाज अल्टरनेटर वगैरे फिरवणाऱ्या बेल्टचा. रबर पुलीवर चिकटतं, ताण वाढला की निसटतं, पुन्हा चिकटतं. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं, व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो त्यातही हेच घडतं. दमट सकाळी तो हटकून ऐकू येतो. निदानासाठी झाडांवर पाणी मारायचा फवारा पुरतो. इंजिन चालू असताना बेल्टच्या खाचांच्या बाजूला दुरून थोडं पाणी उडवावं. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. उलट वाढला तर बेल्ट सैल आहे किंवा त्याला ताणून धरणारा टेन्शनर थकला आहे. ओढणी, सैल बाही, मोकळे केस मात्र अजिबात जवळ नेऊ नयेत.

टकटकीचं निदान मला सगळ्यात रंजक वाटतं, कारण तिथे दोन संशयितांचा ठोका अगदी एकच असतो. कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या, ऑइल भरलेल्या हायड्रॉलिक टॅपेटमधलं ऑइल रात्रभरात उतरलं की सकाळी व्हॉल्व्ह टकटकतो, दोन फेऱ्यांत एकदा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी चकती, एका सिलिंडरपाशी फुटलं असेल तर तिथून धूर फटकन बाहेर पडतो, तोही दोन फेऱ्यांत एकदाच. मोबाइलवर मोजलेली संख्या इथे काहीच सांगत नाही, घड्याळ सांगतं. टॅपेटमध्ये ऑइल भरायला काही सेकंद लागतात. मॅनिफोल्डची फट बुजायला काही मिनिटं लागतात, कारण ती बुजते धातू तापून फुगल्यावर: ४० सेंटिमीटर लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड ४०० अंशांनी तापला तर पावणेदोन मिलिमीटर वाढतो. टॉर्च मारून गॅस्केटच्या कडेला पाहावं, गळतीच्या जागी काळी काजळी पंख्यासारखी पसरलेली दिसते. ही टकटक ‘गरम झाल्यावर जाते’ म्हणून सोडून देऊ नका. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो, आणि आपल्याकडे चार महिने काचा बंद करूनच गाडी चालते.

आवाजाची जागा शोधायला मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवतात आणि मूठ कानाशी धरतात. यामागे पक्कं भौतिकशास्त्र आहे. धातूतली कंपनं हवेत शिरताना त्यांचा जवळजवळ सगळा भाग सीमेवरूनच परत फिरतो. जो थोडा बाहेर पडतो तो बॉनेटखाली इकडेतिकडे आपटत कानापर्यंत येतो, त्यामुळे दिशा कळत नाही. सळईमुळे कंपनं धातूतूनच थेट कानाशी येतात. १८१६ साली लाएनेक या फ्रेंच डॉक्टरने कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. आज मेकॅनिकसाठी सळई लावलेला स्टेथोस्कोप अगदी स्वस्तात मिळतो आणि तो स्क्रूड्रायव्हरपेक्षा सुरक्षितही आहे.

आंबा, कुंभार्ली किंवा आंबोली घाट चढताना वरच्या गिअरमध्ये जोर दिला की पेट्रोल गाडीतून खणखण ऐकू येते. गाडी नॉकिंग करते आहे असं आपण म्हणतो. स्पार्कची ज्वाला पोचण्याआधीच सिलिंडरच्या कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आपोआप पेटतं आणि दाबाच्या लाटा आतल्या भिंतींवर आपटतात. ८० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये त्यांची कंपनसंख्या सात हजार हर्ट्झच्या आसपास येते. नव्या इंजिनांत हा सूर ऐकणारा सेन्सर असतो आणि कॉम्प्युटर स्पार्क उशिरा देऊन तो थांबवतो. तरीही येत राहिला तर तपासणी हवी. तोवर गिअर उतरवावा.

खरा धोक्याचा आवाज खोल, जड असतो. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग झिजलं की तो ठक-ठक येतो, वेगाबरोबर जोर धरतो, आणि बऱ्याचदा सोबत ऑइल प्रेशरचा दिवा लागतो. बेअरिंगमधली ऑइलची फट केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते; ती वाढली की धातू धातूवर आपटतो. अशा वेळी इंजिन तिथेच बंद करावं आणि गाडी टो करून न्यावी. गॅरेजमध्ये सिलिंडर एकेक करून बंद केल्यावर ठोका मऊ झाला तर दोष त्याच सिलिंडरच्या रॉडमध्ये आहे. माझं ठाम मत आहे की शील्ड, बेल्ट, पुल्या आणि गॅस्केट तपासल्याशिवाय कुणालाही इंजिन उघडू देऊ नये, मोठा खर्च तिथेच सुरू होतो.

अपवाद पुराचा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीच्या पाण्यात शेकडो गाड्या बुडाल्या. अशी गाडी पाणी ओसरल्यावर किल्ली फिरवून पाहायची नसते. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये ते असताना पिस्टन वर गेला की रॉड वाकतो. कधी तो थोडासाच वाकतो, गाडी सुरूही होते आणि नंतर एकाच सिलिंडरमधून बद्द ठोका येत राहतो. वाकलेल्या रॉडचा पिस्टन पूर्ण वर पोचत नाही, म्हणून सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या कॉम्प्रेशन गेजवर त्या सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा कमी येतो. तो कमी आला तर इंजिन उघडावंच लागतं.