बर्फातली गाडी आणि बेळगावचे फौजी

बेळगावात थंडी कितीही कडाक्याची पडली तरी रस्त्यावर बर्फ धरत नाही. तरीही बर्फात गाडी कशी हाकावी, हे अधिकारवाणीनं सांगणारी माणसं इथं भेटतात. याचं कारण म्हणजे मराठा सेंटर. मराठा लाइट इन्फंट्रीचं प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून इथं आहे. खानापूर, निपाणी, चंदगडकडच्या गावांत लडाख-काश्मीरात नोकरी काढून आलेला एखादा तरी फौजी सापडतोच.

बर्फावर चाकाला पकड का मिळत नाही, यावर मायकल फॅरेडेनं १८५० मध्येच बोट ठेवलं होतं: बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा पातळ थर असतो. त्यामुळे कडक गोठलेल्या बर्फापेक्षा शून्य अंशाच्या आसपासचा, ओलसर बर्फ जास्त दगा देतो. उन्हात वितळलेलं पाणी संध्याकाळी पुन्हा गोठतं, तेव्हा डांबर नुसतं ओलं दिसतं. हाच तो ब्लॅक आइस.

मोटारी आल्यावर पहिला उपाय निघाला तो साखळीचा. अमेरिकेतल्या हॅरी वीड यानं १९०४ मध्ये टायरवर चढवायच्या साखळीचं पेटंट घेतलं. लोक चाकांना दोर गुंडाळतात, ते पाहून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. फिनलंडमध्ये १९३४ साली ट्रकसाठी खास हिवाळी टायर निघाला. अमेरिकेत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकायची पद्धत साधारण १९४० च्या आगेमागे रुळली. मात्र फार कडक थंडीत मीठ कामाला येत नाही, शिवाय गाडीचा पत्रा खातं ते वेगळंच. बर्फात पकड मिळावी म्हणून खिळे बसवलेल्या टायरनी तर रस्तेच उखडले, म्हणून पश्चिम जर्मनीनं १९७५ मध्ये त्यांवर बंदी घातली.

आपल्याकडे हा प्रश्न आला तो लष्कराबरोबर. १ नोव्हेंबर १९४८ रोजी, हिवाळा तोंडावर असताना, लष्कराच्या सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे काश्मीर आणि लडाखमधल्या जोझिला खिंडीत चढवले गेले. उंची अकरा हजार फुटांच्या वर. त्यासाठी मद्रास सॅपर्सनी, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर तुकडीनं, आधी खेचरांची वाट रुंद केली होती. पुढे १९६० मध्ये सीमा रस्ते संघटना उभी राहिली आणि डोंगरातले रस्ते बांधणं, हिवाळ्यात बर्फ काढणं हे तिचं काम झालं. या रस्त्यांवर फौजी ट्रकच्या ताफ्यांना एक शिस्त लागली: साखळ्या चढवूनच निघायचं, दोन गाड्यांत भरपूर अंतर ठेवायचं आणि उतारावर खालचा गियर टाकून ब्रेकला शक्यतो हात लावायचा नाही (पाय म्हणायला हवं खरं तर).

यातलं शेवटचं बेळगावच्या माणसाला नवं नाही. चोर्ला, आंबोली, अनमोड हे घाट पावसाळ्यात धुक्यातून उतरणारा ड्रायव्हर ‘ज्या गियरवर चढलास त्याच गियरवर उतर’ हे ऐकतच मोठा होतो. फरक मापाचा आहे. बर्फावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतर लागू शकतं, आणि ही गोष्ट घाट शिकवत नाही.

१९७८ मध्ये मर्सिडीजमध्ये बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस हे ब्रेकचं तंत्र आलं. भारतात एप्रिल २०१९ पासून ते नव्या मोटारींना सक्तीचं झालं. ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही, त्यामुळे स्टिअरिंग हातात राहतं. पण भुसभुशीत बर्फावर एबीएसनं थांबायचं अंतर उलट वाढू शकतं. चारही चाकांना जोर देणाऱ्या फोर बाय फोरचंही तसंच: चढायला मदत होते, थांबायला नाही. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला, रोहतांग खिंड टळली आणि हिवाळ्यात खिंडीपलीकडच्या लाहौलला पर्यटक जाऊ लागले. बेळगावच्या केए २२ पाटीच्या गाड्याही आता मनालीपर्यंत जातात. बोगद्याच्या आत रस्ता कोरडा असतो. बाहेर पडल्यावर सावलीतल्या वळणावर बर्फ गोठलेला असतो, आणि साखळी बहुतेकांच्या डिकीतसुद्धा नसते.