रक्तातलं द्वारका सर्कल

मामांचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. ‘होमोसिस्टीन ३८’, शेजारी लाल बाण, आणि कंसात ‘५ ते १५’. पाठोपाठ फोनही आला. “अरे, कोलेस्टेरॉल बरं, साखर गोळीवर बरी, मग हे कुठलं नवीन भूत? पॅकेजमध्ये होतं म्हणून झालं.” मामा इंदिरानगरला राहतात, वय ७२, माळकरी. मेटफॉर्मिनची गोळी बारा वर्षांपासून चालू. माळ आणि मेटफॉर्मिन या दोन गोष्टींत निम्मं उत्तर होतं. पण ते सांगण्याआधी मामांना मनाने द्वारका सर्कलला नेणं भाग होतं.

नाशिककराला द्वारका समजावून सांगावी लागत नाही. पुण्याकडून आलेला रस्ता तिथे मुंबई-आग्रा महामार्गाला भिडतो. वरून उड्डाणपूल गेला तरी खालची कोंडी काही सुटली नाही. होमोसिस्टीन हा शरीरातला असाच चौक आहे. डाळी, दूध, अंडी, तीळ यांतल्या प्रथिनांतून आपल्याला मिथिओनिन नावाचं अमिनो आम्ल मिळतं. त्याच्याकडे एका कार्बनचा छोटा गट असतो, मिथाइल गट. पेशी तो काढून घेतात आणि डीएनएवर, मेंदूतल्या रसायनांवर, जिथे लागेल तिथे चिकटवतात. गट गेला की मागे उरतं ते होमोसिस्टीन. ते आपण जेवणातून घेत नाही, घरच्या घरी तयार होतं, रोज आणि प्रत्येकात.

चौकातून बाहेर पडायला दोन रस्ते. एक परतीचा : नवा मिथाइल गट घेऊन पुन्हा मिथिओनिन व्हायचं. हा गट फोलेट घेऊन येतं आणि बी-१२ तो हातोहात पोचवतं. दुसरा पुढचा : सिस्टीन व्हायचं. त्या रस्त्यावर बी-६ लागतं. शिवाय यकृतात आणि मूत्रपिंडात बीटेनची एक गल्ली आहे (बीटाच्या रसात सापडलं म्हणून बीटेन), पण ती गल्लीच. रस्ता कुठलाही अडला तरी गाड्या चौकात साचतात आणि रक्तातला आकडा चढतो. नेमका कुठला रस्ता अडलाय, ते मात्र आकड्यावरून कळत नाही.

हे रसायन विन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी १९३२ साली मिथिओनिन तीव्र गंधकाम्लात तापवून मिळवलं. पुढची तीस वर्षं डॉक्टरांना त्याचं काही पडलेलं नव्हतं. मग १९६२मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या काही मुलांच्या लघवीत ते भरपूर सापडलं. डोळ्याचं भिंग सरकलेलं, बुद्धीची वाढ खुंटलेली आणि रक्ताच्या गुठळ्या होण्याची खोड, असा तो जन्मजात आजार होता. गोष्ट खरी रंगते ती १९६९मध्ये, किल्मर मॅककली या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टपाशी. अशाच एका आजारी मुलीचा मामा १९३३ साली, अवघ्या आठ वर्षांचा असताना, पक्षाघाताने गेला होता. मॅककलींनी त्या मुलाच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून पुन्हा नजर फिरवली. त्याच्या धमन्या म्हाताऱ्या माणसासारख्या कडक झालेल्या होत्या. पुढे दोन महिन्यांचं एक बाळ दगावलं, त्याच्याही धमन्या तशाच. पण या बाळाचा बिघाड वेगळा होता, अडला होता परतीचा रस्ता. पहिल्या आजारात मिथिओनिन वाढतं, बाळाच्या बिघाडात ते कमी पडतं. दोन्हीकडे वाढलेलं एकच : होमोसिस्टीन. म्हणजे धमन्या बिघडवणारं तेच असणार, असा त्यांचा तर्क. मला हा तर्क अजूनही देखणा वाटतो. तेव्हा मात्र सगळीकडे कोलेस्टेरॉलचा बोलबाला होता. मॅककलींचा निधी आटला आणि पुढे त्यांना हार्वर्ड सोडावं लागलं.

नव्वदच्या दशकात वारं फिरलं. होमोसिस्टीन जास्त असणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघात जास्त, असं एकामागून एक अभ्यास सांगू लागले. मग जीवनसत्त्वं द्या, आकडा उतरवा, हृदय वाचवा! इतकं सोपं ते नव्हतं. २००६मध्ये ५,५२२ रुग्णांवरच्या ‘होप-२’ चाचणीचे निकाल आले. फोलिक ॲसिड, बी-६ आणि बी-१२ देऊन आकडा छान उतरला, हृदयविकाराचे झटके काही कमी झाले नाहीत. पक्षाघात मात्र थोडे घटले. नंतर चीनमध्ये उच्च रक्तदाबाच्या २०,७०२ रुग्णांत रक्तदाबाच्या गोळीबरोबर फोलिक ॲसिड दिल्यावर पहिला पक्षाघात सुमारे एक पंचमांशाने कमी झाला. हा निकाल २०१५चा. तेव्हा कुणी ‘हृदयासाठी होमोसिस्टीन उतरवा’ म्हणून महागडी बाटली पुढे केली, तर ती खुशाल परत करावी.

मग तपासणी वाया गेली का? आपल्याकडे तरी नाही. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ धडधाकट पुरुषांचं रक्त तपासलं. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी होतं, ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन १५च्या वर. दोष मुख्यतः बी-१२चा. ते साहजिकच आहे. मेथी, पालक, मटकी यांतून फोलेट मिळतं. मिसळीच्या कितीही वाट्या रिचवल्या तरी बी-१२ मिळत नाही, कारण कुठलीच वनस्पती ते बनवत नाही. ते बनवतात फक्त जिवाणू.

“मग माझ्या पोटात जिवाणू नाहीत काय?” मामा. आहेत, आणि बी-१२ बनवतातही, पण मोठ्या आतड्यात. ते शोषलं जातं लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात, म्हणजे त्याच्याही आधी. नांदूर मध्यमेश्वरला अडवलेलं पाणी गंगापूर धरणाच्या नळाला येईल का? सशाने यावर तोडगा काढलाय. तो स्वतःच्या मऊ लेंड्या पुन्हा खातो. मामांनी इथे “राम राम” म्हणून फोन ठेवायची धमकी दिली.

गायीचं बरं आहे. तिचे जिवाणू आधीच, कोठीपोटात, बसलेले असतात. त्यांना फक्त कोबाल्ट लागतं, कारण बी-१२च्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्टचा एक अणू असतो. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या काही कुरणांत मेंढ्या हिरव्यागार चाऱ्यात उभ्या राहून खंगून मरायच्या. मातीत कोबाल्ट नाही, हे कारण १९३५मध्ये कळलं, बी-१२ हाती लागण्याच्या तेरा वर्षं आधी. कोबाल्ट कमी असलेलं खाद्य दिलेल्या जनावरांच्या रक्तातही होमोसिस्टीन चढतं. सिन्नर, दिंडोरीकडचे दूधवाले गोठ्यात जे मिनरल मिक्श्चर चारतात, त्यात चिमूटभर कोबाल्ट असतं ते यासाठी. मूत्रपिंड बिघडलेल्या कुत्र्यांतही हा आकडा वाढलेला आढळतो, माणसात वाढतो तसाच.

म्हणून मामांची मूत्रपिंडं आणि थायरॉइडही तपासून घेतलं. दोन्ही ठीक. बी-१२ मात्र तळाला. मेटफॉर्मिनमुळे ते नीट शोषलं जात नाही. शिवाय मामांचं दूध म्हणजे चहापुरतं, तेही चार वेळा उकळलेलं. दिवसाला साधारण २ मायक्रोग्रॅम लागतं आणि पाव लिटर दुधात जेमतेम १ असतं. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. नुसतं फोलिक ॲसिड घेऊ नका, असंही बजावलं. त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि बी-१२अभावी नसा आतल्या आत खराब होत राहतात. मामांच्या तळपायांच्या मुंग्या आम्ही वर्षभर ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिल्या होत्या.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. यावेळी मी लॅबमध्ये उभा राहून नळी लगेच बर्फात ठेवायला लावली. नळी तशीच पडून राहिली तर तांबड्या पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात आणि आकडा तासाला जवळपास दहा टक्क्यांनी फुगतो. पहिल्या खेपेला घरून नेलेली नळी दुपारभर मोटरसायकलच्या डिकीत फिरली होती, हे मामांनी मला तेव्हा सांगितलं. म्हणजे ते ३८ सगळे मामांचे नव्हतेच. नवा आकडा १३.