दोन मिलिसेकंदांची स्मरणशक्ती

“चिपचंही माणसासारखंच. म्हातारी झाली की विसरायला लागते.” शेजारच्या काकांचा माळा आवरताना १९८० च्या दशकातला एक घरगुती कॉम्प्युटर निघाला, तो चालू होईना, तेव्हा काकांनी केलेलं हे निदान. मला राहवेना. त्या काळातली बहुतेक रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची कामापुरती स्मृती, कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसापासूनच विसरत असते, आणि तिचं काम नीट चाललंय याचा अर्थ एवढाच, की कोणीतरी तिला सतत आठवण करून देतंय.

उदाहरणाला मी झेडएक्स स्पेक्ट्रम घेतो, कारण त्याचं सर्किट मला तोंडपाठ आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल १९८२ मध्ये आलेला सिंक्लेअर कंपनीचा हा घरगुती कॉम्प्युटर. आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन त्याची ‘प्लस’ आवृत्ती विकली, त्यामुळे एखाद्या मराठी माळ्यावरही ते सापडू शकतं. आत झेड-८० प्रोसेसर, १६ किलोबाइट रॉम (कायमच्या सूचना साठवणारी स्मृती) आणि ४८ किलोबाइट रॅम. रॅमचे पहिले १६ किलोबाइट म्हणजे ‘४११६’ जातीच्या आठ चिप्स.

४११६ च्या पोटात १२८ ओळी आणि १२८ स्तंभ, म्हणजे १६,३८४ कप्पे. प्रत्येक कप्प्यात एक ट्रान्झिस्टर (विजेचं बटण) आणि एक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग). आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना ही युक्ती १९६६ मध्ये सुचली. विद्युतभार असला तर १, नसला तर ०. पण हा कपॅसिटर इतका इवलासा, की त्यातला भार वाचायचा कसा, हाच प्रश्न. फुलपात्रात पाणी आहे का हे बघायला ते हौदात उपडं करावं आणि हौदाची पातळी रेषभर हलली का ते पाहावं, तसा हा प्रकार. हौद म्हणजे स्तंभाची लांब तार. ती रेषभर हालचाल टिपणारं सर्किट तिथेच बसलेलं असतं. पण वाचण्याच्या नादात फुलपात्र तर रिकामं झालं! म्हणून तेच सर्किट उत्तर कळताक्षणी फुलपात्र पुन्हा काठोकाठ भरतं, नाहीतर पूर्ण कोरडं करतं. म्हणजे या चिपमध्ये वाचणं हेच पुसणं आणि पुन्हा लिहिणं.

त्यात फुलपात्राला चीर. भार गळत राहतो, म्हणून प्रत्येक ओळ २ मिलिसेकंदांच्या आत एकदा तरी वाचायलाच हवी. एका कप्प्याला हात लावला तरी त्या ओळीतले सगळे १२८ कप्पे ताजे होतात. झेड-८० मध्ये यासाठी ‘आर’ नावाचं रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायची छोटी जागा, आहे. प्रत्येक सूचना उचलल्यावर, तिचा अर्थ लावायला लागतो तेवढ्या वेळात, प्रोसेसर पुढच्या ओळीचा क्रमांक पुकारतो. शाळेतली हजेरीच ती, अखंड चाललेली.

मग चिप मरते कशानं? बहुतेकदा विजेच्या पुरवठ्यानं. ४११६ ला तीन व्होल्टेज लागतात: +५, +१२ आणि −५. बोर्डावरचं −५ व्होल्ट तयार करणारं छोटं सर्किट बंद पडलं आणि +१२ तसंच राहिलं, की चिपमध्ये भलत्या वाटेनं प्रवाह वाहतो, ती तापते आणि जाते. म्हणून आधी व्होल्टेज मोजायला मल्टिमीटर. चिपच्या पिन (पाय) १ वर −५, पिन ८ वर +१२, पिन ९ वर +५. हे न बघता नवीन चिप बसवणारा तीही जाळतो. आणि दसऱ्याला यंत्रावर हळदकुंकू जरूर वाहा, पण बोर्ड उघडा असताना नको. २०२० मध्ये मोबाइलचं रेडिएशन कमी करणारी शेणाची ‘चिप’ गाजली होती. तिला निदान −५ व्होल्ट तरी लागत नव्हते.

आता माझा आवडता भाग. आठ चिप्सपैकी गेलेली कोणती, हे स्पेक्ट्रम स्वतःच पडद्यावर दाखवतो. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे आठ ० किंवा १; प्रत्येक चिपकडे त्यातला फक्त एक बिट असतो आणि पडद्याचं चित्रही याच १६ किलोबाइटमध्ये राहतं. चालू होताच रॉम सगळ्या रॅममध्ये २ हा आकडा भरते, म्हणजे बिटांच्या भाषेत ००००००१०. चित्राच्या बाइटमध्ये तो पडला की दर आठ ठिपक्यांमागे एक बारीक उभी रेघ. रंगाच्या बाइटमध्ये तोच आकडा म्हणजे काळ्यावर लाल. म्हणून निरोगी यंत्र क्षणभर काळ्या पडद्यावर लाल रेघा दाखवतं. मग रॉम प्रत्येक बाइटमधून दोनदा १ वजा करते आणि शून्य येतं का ते पाहते.

समजा बिट ५ ची (बिट उजवीकडून, शून्यापासून मोजतात) चिप १ वरच अडकली. लिहिलं ००००००१०, वाचताना ००१०००१०. आता दर आठ ठिपक्यांत दोन रेघा, तिसऱ्या आणि सातव्या जागी. आणि रंगाच्या बाइटमध्ये बिट ५ म्हणजे पार्श्वभूमीतला हिरवा, त्यामुळे काळ्याच्या जागी हिरवं. पुढे यंत्र भरकटतं, पण गुन्हेगार सापडलेला असतो.

चिप काढताना अख्खी उपटू नये, जुन्या बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्या लगेच उखडतात. कटरनं सोळाही पाय तोडावेत, एकेक पाय डिसोल्डर करावा (झाळ वितळवून काढावा) आणि जागी आयसी बेस, म्हणजे चिप खोचायचं सॉकेट, बसवावा. ४११६ ऐवजी ४१६४ वापरायची असेल तर जपून: तिला फक्त +५ लागतात आणि तेही पिन ८ वर, जिथे बोर्ड १२ देतो.

वरचे ३२ किलोबाइट ही वेगळीच गंमत. तिथल्या आठ चिप्स मुळात ६४ किलोबिटच्या, पण अर्धा भाग सदोष निघाल्यामुळे स्वस्तात गेलेल्या. डागी आंबा कापून चांगली फोड वापरावी तसं सिंक्लेअरनं चांगलं अर्ध तेवढं वापरलं. कोणतं अर्ध, ते बोर्डावरच्या एका तारेच्या जोडणीनं ठरतं. चिप बदलताना त्याच अर्धाची घ्यावी लागते. यातली एखादी गेली तर यंत्र सुरू होतं, तक्रारही करत नाही, फक्त जिथे वजाबाकी चुकली तिथे रॅम संपली असं धरून चालतं. म्हणून शेवटी रॅम कुठे संपली हे यंत्राच्या बेसिक भाषेत प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३ असं विचारावं. ६५५३५, म्हणजे सगळी रॅम, आलं तर झाकण लावायला हरकत नाही. ३२७६७, म्हणजे फक्त पहिले १६ किलोबाइट, आलं तर सोल्डरिंग आयर्न बंद करू नका.