नव्या बाबाचे पोट का सुटते?

मूल झाल्यानंतर वर्षभरात पुरुषाचे वजन वाढले, की आपल्याकडे ‘सुख मानवले’ असे म्हणून विषय संपवला जातो. हे वजन बहुतेकदा सुखातून येत नाही. ते मोडलेली झोप, अवेळी खाणे आणि बंद पडलेला व्यायाम यांतून येते. त्यावर उपाय शोधताना सुरुवात झोपेपासून केली नाही, तर बाकीचे कष्ट बऱ्याच अंशी वाया जातात.

अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे बालरोगतज्ज्ञ क्रेग गारफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा हजारांहून अधिक पुरुषांच्या सुमारे २० वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. मुलासोबत एकाच घरात राहणाऱ्या वडिलांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, पहिल्या अपत्यानंतर सरासरी २.६ टक्क्यांनी वाढलेला आढळला. सहा फूट उंचीच्या माणसात ही वाढ साधारण दोन किलो भरते. मूल नसलेल्या पुरुषांचे वजन त्याच वयात किंचित उतरले होते.

दोन किलो ऐकायला किरकोळ वाटतात, पण आपल्या शरीराचा हिशेब वेगळा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच मोजमापे छापली होती. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता, मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगातही चरबी जास्त असू शकते आणि ती पोटाभोवती साठली तर मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणून वजनकाट्याइतकाच मोजपट्टीचा उपयोग करावा. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून घेतलेले माप भारतीय पुरुषात ९० सेंटिमीटरच्या आत असावे.

आता झोपेकडे वळू. नवजात बाळ दिवसरात्र मिळून १४ ते १७ तास झोपते, पण तुकड्यातुकड्यांनी. दिवस आणि रात्र यांतला फरक त्याच्या शरीराला साधारण तिसऱ्या महिन्याच्या सुमारास कळू लागतो. तोवर घरातील मोठ्यांची झोप त्याच्या भुकेच्या वेळापत्रकावर चालते. शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये बारा निरोगी तरुणांना दोन रात्री केवळ चार तास झोपू दिले गेले. पोट भरल्याची सूचना देणारे लेप्टिन हे संप्रेरक १८ टक्क्यांनी घटले, भूक चेतवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले आणि त्या तरुणांना ओढ लागली ती मुख्यतः गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. जागरणानंतर वडापाव समोर दिसला आणि हात आवरला नाही, तर त्यात मनाच्या दुबळेपणापेक्षा संप्रेरकांचा वाटा मोठा असतो, हे घरच्यांनीही समजून घ्यायला हवे.

त्याच विद्यापीठातील २०१० चा प्रयोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. वजन जास्त असलेल्या दहा जणांना दोन आठवडे कमी कॅलरींचा आहार दिला गेला. एका खेपेस साडेआठ तास झोपेची मुभा होती, दुसऱ्या खेपेस साडेपाच तासांचीच. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखेच उतरले, पण कमी झोपेच्या खेपेस चरबीची घट ५५ टक्क्यांनी कमी होती आणि त्याऐवजी स्नायू झिजले. जागरणांच्या दिवसांत जेवण तोडून वजन उतरवू पाहणारा बाप नेमके जे टिकवायचे तेच गमावतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. जर्मनीतील हजारो पालकांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये असे दिसले, की बाळाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईची झोप रोज सुमारे तासाभराने घटते, वडिलांची सुमारे पाव तासाने. तेव्हा वडिलांनी आपली झोप आईच्या वाट्यातून काढून घेऊ नये. ती रात्री मोबाइल चाळण्यात जाणाऱ्या वेळातून काढावी. रात्रीची वाटणी केली तर दोघांनाही सलग झोपेचा एक टप्पा मिळतो. बाळ अंगावर पीत असले, तरी दूध पाजून झाल्यावर ढेकर काढणे, लंगोट बदलणे आणि थोपटून निजवणे ही कामे बाबा करू शकतो. पहाटेच्या पाजण्यानंतर बाळाला घेऊन तो दुसऱ्या खोलीत गेला, तर आईला दोन-अडीच तास निवांत मिळतात. त्यासाठी त्याने स्वतः रात्री दहाच्या आत अंथरूण गाठायला हवे. संध्याकाळी पाचनंतरचा चहा-कॉफीही टाळलेला बरा, कारण शरीरातील निम्मे कॅफीन जायलाच साधारण पाच तास लागतात.

रात्री अडीच वाजता बाळाला निजवून झाल्यावर स्वयंपाकघरातील ओट्यावर हाताशी काय असते? बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे आणि अळिवाचे लाडू. तूप, गूळ, सुके खोबरे आणि खारीक घातलेल्या मध्यम आकाराच्या डिंकाच्या लाडवात साधारण दोनशे कॅलरी असतात. पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जादा लागतात, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे मानक सांगते. ते लाडू तिच्या हक्काचे आहेत. वडिलांची गरज मात्र तसूभरही वाढलेली नसते. त्यांच्यासाठी वेगळ्या डब्यात फुटाणे आणि फ्रिजमध्ये ताक ठेवले, तर तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

पहिल्या बाळंतपणाला पत्नी माहेरी गेली असेल, तर बिघाड आधीच सुरू होतो: घरी एकट्याचे जेवण कोण करणार म्हणून बाहेरून मागवणे, आणि शनिवार-रविवार सासुरवाडीच्या पाहुणचारात जाणे. अशा काळात कुकरमध्ये एकाच वेळी वरण-भात लावणे आणि दोन दिवसांची मटकी मोड आणून ठेवणे एवढे आले, तरी पुरे. त्याच संस्थेच्या मानकानुसार दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६५ किलोच्या पुरुषाला सुमारे ५४ ग्रॅम. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम असतात. उसळ, पिठले, दही, दूध आणि शेंगदाणे यांतून बाकीची भर सहज पडते.

व्यायामाच्या बाबतीत एक दिलासा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सुचवला; मात्र व्यायाम एका वेळी निदान दहा मिनिटे सलग हवा, ही जुनी अट काढून टाकली. त्यामुळे दूध गरम होईपर्यंतच्या उठाबशा, जिने चढणे, दुपारी बाळ निजल्यावर घातलेले सहा सूर्यनमस्कार हे सगळे जमेस धरता येते. बाळाने मान धरल्यावर त्याला घेऊन रोज फिरायला जाणे हा दोघांसाठीही उत्तम व्यायाम आहे. रात्र फारच वाईट गेली असेल, त्या दिवशी जोरकस व्यायाम सोडून अर्धा तास झोपावे.

अनेक अभ्यासांचा २०१० मध्ये एकत्र आढावा घेतला, तेव्हा सुमारे दहा टक्के नव्या वडिलांमध्ये नैराश्याची लक्षणे आढळली, आणि बाळ तीन ते सहा महिन्यांचे असताना हे प्रमाण सर्वाधिक होते. बाळ शांत झोपलेले असतानाही झोप लागत नसेल, भूक मेली असेल किंवा सतत चिडचिड होत असेल, तर तो केवळ थकवा आहे असे गृहीत धरू नये. घरच्या डॉक्टरांशी बोलावे, किंवा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ती मोफत असून मराठीतही बोलता येते.