बाइंडिंगचा कोन वाढवला की कार्व्हिंग सुधारतं?

हार्डबूट स्नोबोर्डिंगमध्ये, म्हणजे कडक बूट घालून बोर्डावरून बर्फाच्या उतारावर घसरण्यात, एक समज पक्का आहे: बूट आणि त्यांना बोर्डाला जखडणारी बाइंडिंग जितकी बोर्डाच्या टोकाकडे वळवाल, तितकं कार्व्हिंग (बाजूला न घसरता बोर्डाच्या कडेवर वळणं) चांगलं. तसं नाही. कोन ठरतो बोर्डाच्या कमरेच्या (मधल्या सर्वांत अरुंद भागाच्या) रुंदीवर आणि बुटाच्या लांबीवर. 18-20 सेंमी रुंदीच्या शर्यतीच्या बोर्डावर 60 अंशांच्या (बोर्डाच्या आडव्या रेषेपासून मोजलेल्या) आसपास जावंच लागतं. नाहीतर बूट बर्फाला घासतो आणि कड सुटते. रुंद बोर्डावर तोच कोन ठेवला, तर चवडा-टाच कडेपासून आत राहतात, दाब पोचायला उशीर होतो.

बूट बाइंडिंगमध्ये अडकवून वरून पाहा: चवडा आणि टाच कडेपर्यंत जेमतेम पोचावीत. मग उतारावर थांबून आपला माग बघा. बारीक, खोल रेघ म्हणजे खरा कार्व्ह. खरवडलेला पसरट पट्टा दिसला, तर कोन बदलण्याआधी गुडघे वाकवून, हात बर्फाकडे न नेता पुन्हा वळून पाहा. बहुतेकदा दोष शरीराच्या ठेवणीतच असतो.