ढगांतून माघारी वळताना: घड्याळ आणि वारा

रेडिओ बीकन (विमानाला दिशा कळवणारे जमिनीवरचे केंद्र; इथे व्हीओआर प्रकारचे) विमानतळावरच आहे. विमान पश्चिमेकडून येते आहे, पण उतरायचे आहे पश्चिमेकडेच तोंड करून, २७० अंशांच्या दिशेने. ढगांमुळे जमीन दिसत नाही. रडारवर विमान दिसत असेल तर नियंत्रक दिशा सांगत त्याला धावपट्टीच्या रेषेत आणून सोडतो. ती सोय नसेल तर वैमानिकाला बीकनवरून पूर्वेला पुढे जाऊन स्वतःच माघारी वळावे लागते. या वळणाला प्रोसिजर टर्न म्हणतात.

नेहमीचा प्रकार ४५/१८०. समजा वेग १२० नॉट, म्हणजे मिनिटाला २ सागरी मैल. बीकन ओलांडून ०९० अंशांवर दोन मिनिटे जायचे. मग डावीकडे ४५ अंश वळायचे आणि वळायला लागतानाच स्टॉपवॉच दाबायचे. एक मिनिट झाले (वेगवान जेटना सव्वा मिनिट) की उजवीकडे १८० अंश. दर सेकंदाला ३ अंश या गतीने हे वळणही मिनिटभराचेच. हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा) २२५ वर आले की आणखी ४५ अंश उजवीकडे वळून २७० ची रेषा पकडायची. सुरुवातीला डावीकडे वळायचे की उजवीकडे, हे नकाशाच ठरवतो. डोंगर आणि मनोरे मोजून सुरक्षित ठरवलेली जागा त्याच बाजूला असते.

कागदावर हे सोपे वाटते, पण हिशेब फार काटेकोर आहे. वारा नसतानाही मोठे वळण संपते तेव्हा रेषा जेमतेम ०.३५ सागरी मैलावर उरलेली असते. आता उत्तरेकडून २० नॉटचा वारा धरा. पहिल्या वळणापासून इथवर दोन मिनिटे गेली, तेवढ्यात विमान ०.६७ मैल दक्षिणेला ढकलले गेले. म्हणजे रेषा वळता वळताच ओलांडली गेली! अशा वेळी २२५ वर थांबणे चूक. वळण तसेच चालू ठेवून ३०० च्या आसपास जायचे आणि रेषेकडे दक्षिणेकडून परतायचे.

पाठीमागचा वारा जास्त फसवा, कारण विमान रेषेपासून किती बाजूला आहे हे दाखवणारी सुई मधोमध असते आणि सगळे ठीक वाटते. अमेरिकी नकाशांवर हे वळण सहसा १० सागरी मैलांच्या आत पूर्ण करायचे असते. दोनऐवजी तीन मिनिटे पुढे गेले तर वारा नसताना वळणाचे टोक साधारण ८.६ मैलांवर येते; पाठीमागे ३० नॉट वारा असेल तर ११ मैलांवर. म्हणून वाऱ्याच्या प्रमाणात सेकंद कापायचे.

८०/२६० प्रकारात सरळ तुकडा नाही: ८० अंश एका बाजूला, लगेच २६० अंश उलट. जागा कमी लागते, पण वाऱ्यापासून सुटका इथेही नाही.

परतीच्या रेषेवर व्हीओआरची सुई मध्यापासून अर्ध्या मापाच्या आत स्थिरावेपर्यंत पुढच्या उंचीवर उतरायचे नाही.