लिस्बनमधील फादोची रात्र: 1927 च्या हुकुमाची पार्श्वभूमी

लिस्बनच्या अल्फामा या जुन्या वस्तीत फादो या पोर्तुगीज गायनप्रकाराच्या बैठकीत रात्री दिवे मंद होतात, वाढपी जागीच थांबतात आणि बारा तारांच्या पोर्तुगीज गिटारीवर काळी शाल घेतलेली गायिका गाऊ लागते. शतकानुशतके हे असेच चालत आले असावे, अशी पाहुण्यांची समजूत होते. फादोचे वय मात्र जेमतेम दोनशे वर्षांचे, आणि आजची ही शिस्तबद्ध बैठक तर शंभर वर्षांच्या आतली.

19 व्या शतकाच्या पूर्वार्धात अल्फामा, मोरारिया या वस्त्यांत खलाशी, हमाल आणि वेश्यांच्या सोबतीने फादो वाढला. शतक उलटताना तो कामगारांचाही झाला. गुत्त्यांतून संप, मे दिन, भाकरीची भ्रांत यांवर पदे गाइली जात. दोन गायक जागच्या जागी पद रचून एकमेकांना उत्तर देत, आपल्या कलगी-तुऱ्यासारखे. मैफलीची खरी रंगत या चढाओढीत असे.

मे 1926 मध्ये पोर्तुगालमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि मे 1927 मध्ये सार्वजनिक करमणुकीचे नियमन करणारा हुकूम निघाला. तो एकट्या फादोसाठी नव्हता, पण घाव फादोवर खोल बसला. मानधन घेऊन गाणाऱ्याला व्यावसायिक ओळखपत्र लागू लागले, गाण्याच्या जागेला परवाना आणि पदाला आगाऊ मंजुरी. ऐन वेळी सुचणारे पद आगाऊ मंजूर कसे करून घेणार? उत्स्फूर्त रचना मागे पडली, संप आणि उपासमार गाण्यातून नाहीशी झाली. उरली ती विरहाची ओढ, आई, गल्ली, समुद्र. 1930 च्या दशकात लिस्बनच्याच बाइरो आल्तो भागामध्ये परवानाधारक फादोगृहे वाढली आणि जेवणासोबत फादो ऐकण्याची रीत तिथे रुळली.

या हुकुमाने फादो मारला की तारला, यावर आजही एकमत नाही. परवान्यामुळे गायकांना नियमित कमाई मिळाली आणि बदनाम समजल्या जाणाऱ्या गायिका प्रतिष्ठित मंचावर आल्या, असा एक पक्ष आहे. त्यात तथ्य आहे. पण त्यासाठी कामगाराच्या तोंडचे शब्द काढून घेतले गेले, ही किंमत फार मोठी होती. गोवाही 1961 पर्यंत त्याच राजवटीखाली होता. तिथे रेडिओवरून पोहोचला तो छाननीतून गेलेला फादो.

राजवटीलाही सुरुवातीला फादो आवडत नव्हता. 1930 च्या दशकात सरकारी रेडिओवरील व्याख्यानांतून त्याची निंदा झाली, आणि त्याच दशकापासून मोरारियाचा खालचा भाग पाडायला घेतला गेला. पुढे मात्र राजवटीने हेच गाणे देशाची ओळख म्हणून मिरवले. म्हणून ती राजवट उलथवणाऱ्या एप्रिल 1974 च्या क्रांतीनंतर 'जुन्या राजवटीचे गाणे' हा शिक्का फादोवर बसला आणि काही वर्षे तो अडगळीत पडला. ज्याच्या पदांवर जवळपास अर्धशतक कात्री चालली, त्यालाच त्या कात्रीचा साथीदार ठरवणे अन्यायाचे होते.

1998 मध्ये अल्फामाच्या पायथ्याशी फादोचे संग्रहालय उघडले. नोव्हेंबर 2011 मध्ये फादो जागतिक अमूर्त वारशाच्या यादीत गेला. त्याच वर्षी काइश दु सोद्रे भागातला खलाशांच्या बारचा रस्ता गुलाबी रंगवला गेला आणि रात्रीची गर्दी तिकडे लोटली. 2012 च्या भाडे कायद्याने जुन्या भाडेकरूंचे संरक्षण सैल केले, 2014 च्या नियमांनी पर्यटकांना घरे भाड्याने देणे सोपे केले. ज्या गल्ल्यांवर पदे रचली गेली, तिथले रहिवासी एकेक करून बाहेर पडू लागले. हौशी गायकांचा भटका फादो काही लहान खानावळींत अजून ऐकू येतो. तो टिकायचा तर गाणारे शेजारी हवेत. 2018 च्या अखेरीस अल्फामा, मोरारिया आणि बाइरो आल्तोमध्ये पर्यटक-घरांचे नवे परवाने थांबवले गेले. आधी दिलेले तसेच राहिले.